‘कधीच नाही’पुढची खूण

रविवार, १२ जुलै

प्रिय दादा,

मी बरी आहे. वहिनीचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहिते आहे. आधी जे घडलं तेवढंच.

१. तुझ्या ठकीचं कशात लक्ष टिकत नाही म्हणून वहिनीने तिला डॉक्टरांकडे न्यायचा हट्ट धरला. गाडी मी चालवली.
२. डॉक्टरांनी दोन प्रश्नावल्या दिल्या. शाळेची तिच्या वर्गाच्या बाईंनी भरली. घरची तू भरलीस.
३. दोन्हींत बहुतेक खुणा ‘कधीच नाही’पुढे.
४. डॉक्टर म्हणाले, यावरून तरी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, दिसत नाही.
५. त्याच संध्याकाळी तू ठकीचे रंग कपाटात कुलूपबंद केलेस आणि म्हणालास, "चला, बहाणा संपला."

परवा तिला आणायला मी शाळेत गेले तेव्हा बाई भेटल्या. भल्या आहेत. म्हणाल्या, "हुशार आहे हो पोरगी. फक्त सारखा खांद्याला हात लावावा लागतो. मी तर तिला माझ्या टेबलालाच चिकटवलंय."

"आणि वर्गातलं काम पूर्ण करते?"

"करते म्हणजे? मधल्या सुट्टीत बसवते ना मी. माझ्या वर्गात कुणाचं काम अपुरं राहत नाही!"

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. म्हणून ‘काम अर्धवट सोडते’ यापुढे ‘कधीच नाही’. बाईंनी स्वतःच्या मेहनतीला मार्क दिले, दादा. ठकीबद्दल काही लिहिलंच नाही.

आणि घरी? ‘वस्तू हरवते का?’ यावर वहिनी म्हणाली, "रोज." तू पेन हातात धरून म्हणालास, "हरवते कुठे? तू शोधून देतेस ना!" आणि खूण केलीस. वहिनी तिचं दप्तर भरते, बूट शोधते, शेजारी बसून एकेक ओळ लिहून घेते. या सगळ्याचं श्रेय तू ठकीच्या खात्यात टाकलंस आणि वहिनीला वर ऐकवलंस, "तूच लाडावून ठेवलंयस."

मी वजनकाटे तपासते. पारड्याखाली बोट धरून कुणी वजन घेतलं तर तो आकडा मी खोडते, मग बोट कितीही प्रेमाचं असो.

ती दंगा करत नाही, बाकावरून उठत नाही, खिडकीबाहेर बघत गप्प बसते. म्हणून कुणाला त्रास नाही, आणि त्रास नाही म्हणून आजार नाही. हा कुठला हिशेब?

परवा गाडीत ती मला म्हणाली, "आत्या, मी मुद्दाम करते का गं?" नऊ वर्षांची मुलगी हे दुसऱ्याला विचारते. तिला स्वतःला आता खात्री उरलेली नाही.

आता डॉक्टरांच्या खोलीतलं. तू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालास, "ही बघा, हिची आत्या. लहानपणी अशीच वेंधळी. कुठलं औषध नाही, काही नाही. आज काटेकोर कामावर आहे. आमच्या घरातल्या मुली जरा उशिरा पिकतात." डॉक्टर हसले. वहिनी पर्सची चेन उघडत-लावत राहिली.

मी तिथे बोलले नाही. घरातल्या माणसाला परक्यासमोर खोटं पाडायचं नाही, हे आपल्याला आईने शिकवलंय.

पण मला विचारल्याशिवाय तू माझा दाखला दिलास, आणि तो चुकीचा आहे. गेल्या वर्षी माझी नोकरी जाता जाता राहिली. मी स्वतःहून तपासून घेतलं. मला एडीएचडी आहे, लहानपणापासूनचा. रोज सकाळी मी गोळी घेते. काटेकोर मी आत्ता झाले, दादा. त्याआधी मला वाटायचं की मी वाईट आहे. तुम्ही सगळे ज्याला वेंधळेपणा म्हणून हसायचात, त्यात मी एकटी होते.

हे आईला सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नव्हते.

डॉक्टरांशी मी बोलले. मदत काढून घेतली तर ठकी काय करते, हे बाईंनी, वहिनीने आणि तू वेगवेगळं लिहून द्यायचं. वहिनीची प्रश्नावली वहिनीच भरेल. माझ्याबद्दलचं खरं त्यांच्या कागदावर यायला माझी हरकत नाही. फेरतपासणीला वहिनीबरोबर तुझीही संमती हवी, असं ते म्हणाले. ती नसेल तर ते ठकीला पुन्हा बघणार नाहीत.

संमती आहे की नाही, एवढंच शुक्रवारपर्यंत लेखी कळव.

तुझी बहीण