चौथा कोपरा

१० फेब्रुवारी १९७४, रविवार
तासगावहून सुशीचं पत्र. पाचवा लागला म्हणते. पहिलटकरीण, म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणार. लेकीचा हक्कच आहे तो. दिवस मोजले. जूनची अखेर येते. म्हणजे ओढ्याला पाणी असताना.
पत्र ऐकून हे मिशीत हसले. मीही हसले. मग चुलीपुढं बसले आणि शालन आठवली.

१२ फेब्रु.
हळद शिजवायची चालू आहे. हात कोपरापर्यंत पिवळे, वहीच्या पानालाही डाग पडला.
शालनचं लिहायचं तीन वर्षं टाळलं. आज लिहून टाकते. थोरल्या जाऊबाईंची, आक्कांची, एकुलती एक लेक. भर पावसाळ्यात तिला कळा लागल्या. गावात डॉक्टर नाही, नर्स नाही. सांगलीला न्यायची तर बैलगाडी हवी, आणि त्यांच्या गाडीचं चाक मोडलेलं. आमची गाडी दारात उभी होती. पण बांधावरून दोघा भावांचं बोलणं बंद. त्यांनी मागितली नाही, आम्ही विचारलं नाही. पलीकडच्या आळीतून गाडी मिळेस्तोवर ओढा भरला. पोर ओढ्याच्या अलीकडंच गेली.
त्या दिवशी मी दारात उभी राहून सगळं बघत होते. एवढंच.

१६ फेब्रु., शनिवार
ग्रा.पं.त बैठक. बायका दाराशी बसलो होतो. सरपंच म्हणाले, गावानं बाळंतपणाची खोली बांधून दिली तर नर्स मिळणार, खोली नाही तर नर्स नाही. भिंती अंगमेहनतीनं उभ्या करू, पण पत्रे आणि सिमेंट जत्रेतल्या सवालातून काढायचं. दरवर्षी देवापुढं नारळ, बोकड, गुळाची ढेप ठेवतात आणि चढा बोल बोलेल त्याला देतात. यंदा सगळा सवाल खोलीसाठी.
मी उठून म्हणाले, आमच्या भावकीच्या पाच घरांतल्या बायका एकेक वाकळ शिवून देतील. बाप्ये हसले.
मागनं कोणीतरी म्हणालं, "जुनेराच्या वाकळंला कोन सवाल घालतंय?"
मी म्हणाले, "रोज पांघरताना हसू येत न्हाई न्हवं?"
घरी येताना हे पुढं, मी मागं. दारात आल्यावर म्हणाले, बोललीस ते बरं केलंस. अजून पलटणीतच असल्यासारखं ताठ उभं राहून म्हणाले.

२१ फेब्रु.
बाकीच्या चार घरांत वाकळी सुरू झाल्या. अडलंय आमच्यातच.
आमच्या घराण्यात वाकळेला चार कोपरे म्हणजे चार बायका. जिचा तिचा कोपरा ठरलेला. तिनं तिथून धावदोरा घालत आत यायचं आणि मधे सगळ्यांची गाठ पडायची. बाई जिवंत असताना तिच्या कोपऱ्याला दुसरीनं सुई लावायची नाही. एक कोपरा सासूबाईंचा, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. एक माझा. एक नणंदेचा, ती सातारला असते. चौथा आक्कांचा.
वाटणी झाल्यापासून घरात एक वाकळ पुरी झालेली नाही. सहा हिवाळे बाजारच्या सोलापुरी चादरीवर काढले. बाहेर सांगायची चोरी.

२५ फेब्रु.
आत्याबाई ह्या महिन्यात थोरल्या घरी, त्यांच्याच हाती आक्कांना निरोप धाडला. त्या एक महिना आमच्यात, एक महिना त्यांच्यात असतात, त्यामुळे दोन्हीकडे चालतात. उत्तर घेऊन आल्या त्या तोंड पाडून. आक्का म्हणाल्या म्हणे, "माझी गेली तवा कुटं हुती खोली? आता तिची लेक येनार, तर खोली."
खोटं नाही त्यात काही. रागही धरता येईना.
पण वाकळ होणारच. खोली पण होणारच.

१ मार्च, शुक्रवार
वन्सं आल्या सातारहून, दुपारच्या एस.टी.नं. बरोबर जुनेराचं गाठोडं आणि कंदी पेढे. आल्या आल्या माझ्या हळदीच्या हातांवरून चेष्टा, पुन्हा लगीन लागतंय काय म्हणून. आत्याबाईंनीही महिना बदलताना थोरल्या घरून एक बोचकं आणलं. त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण कापड बोटांनी ओळखतात, हे सुती, हे झिजलेलं, हे अजून दोन पावसाळे टिकेल.
अंगणात थर घातले. खाली माझं हिरवं लुगडं, मधे ह्यांची धोतरं, बोचक्यातली दोनतीन लुगडी, वर वन्संचं चौकडीचं. चार कोपऱ्यांवर चार धोंडे. तिघी तीन कोपऱ्यांना बसलो. चौथ्यावर धोंडाच.

९ मार्च
सकाळी बालवाडीत शिकवायचं, दुपारी वाकळ. बालवाडीतल्या पोरांना कापडाच्या चिंध्या मोजायला दिल्या. शिकणंही झालं आणि चिंध्या वेगळ्याही झाल्या.
वन्संचा टाका मोठा, माझा बारीक, आत्याबाईंचा सगळ्यांत सरळ. न बघता कसा काय घालतात कोण जाणे. तिन्ही बाजूंनी मधापर्यंत आलो. चौथी बाजू मोकळी, वाऱ्यानं फडफडते.
वन्सं म्हणाल्या, वहिनी, मी घालते तो कोपरा, कुनाला कळतंय. नाही म्हणाले. मला कळेल ना. रीत मोडून खोली बांधली तर त्या खोलीत लेकीला कुठल्या तोंडानं झोपवू?

१५ मार्च
आज लिहायला हात चालत नाही, तरी लिहिते.
दुपारी आक्का आल्या. सहा वर्षांनी आमच्या अंगणात. चप्पलही नव्हती पायात. उन्हातून तशाच. माझ्याकडे बघितलं नाही, आत्याबाईंना विचारलं, "जांभळं लुगडं कुटं हाय? पेटीत न्हाई."
शालनचं. बोचक्यातून आलेलं. मऊ लागलं म्हणून आत्याबाईंनी उचललं, आणि मी ते ओळखलं नाही. मी! तिच्या डोहाळजेवणात तेच नेसली होती. मला बोलावणं नव्हतं, पण कुडाच्या फटीतून बघितलं होतं. तरी ओळखलं नाही. दुसऱ्या थराला घालून पंधरा दिवस त्यातून सुई काढत होते.
आत्याबाई रडायला लागल्या. मी म्हणाले, आक्का, आत्ता उसवून देते. आणि बसले ब्लेड घेऊन. दोरा तुटताना बारीक आवाज होतो, एवढाच अंगणात होता. त्या उंबऱ्यावर बसून बघत होत्या. एक बाजू उसवून झाली, जांभळं दिसायला लागलं.
मला राहवेना. म्हणाले, "आक्का, त्या दिशी आमची गाडी दारात हुती."
"ठावं हाय मला," म्हणाल्या. "मी बी मागाया आले न्हाई. मानूस इचारंल म्हनून वाट बघत बसले."
मी खाली मान घालून रडले. त्या रडल्या नाहीत. उठून आल्या, लुगड्यावरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, "आत नगं घालू. वर घे. दिसू दे समद्यास्नी."
मग म्हणाल्या, "सुई दे."
धोंडा काढून त्या जागेवर बसल्या.

१६ मार्च
सगळे थर पुन्हा घातले. जांभळं वर. पंधरा दिवसांचं काम मातीत, पण कुणी कुरकुरलं नाही. जत्रेला तीन आठवडे. आक्का रोज दुपारी येतात, काम करतात, पाणीसुद्धा पीत नाहीत, जातात. बोलणं टाक्यापुरतं. "दोरा वढून घे." "हितं सुरकुती पडली." मला तेवढं पुष्कळ आहे.
थोरल्या भाऊजींना माहीत नाही त्या कुठं जातात ते. ह्यांनाही वरचं लुगडं कुणाचं ते सांगितलेलं नाही. बाप्यांना सगळं कळलंच पाहिजे असं नाही.

३ एप्रिल, बुधवार
झाली. चौघी मधे आलो, गुडघ्याला गुडघे लागले. शेवटचं तोंड शिवायच्या आधी आत भाकरीचा घास ठेवायचा, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. तो मान थोरल्या सुनेचा. आक्कांनी घास ठेवला आणि टाका घातला.
वन्सं चहा घेऊन आल्या. आक्कांनी बशी ओढून घेतली.

७ एप्रिल, रविवार
काल जत्रा, आज सवाल. डोकं अजून ठिकाणावर नाही.
नारळ गेला, बोकड गेला, गूळ गेला. मग वाकळी. पहिल्या चार बऱ्या गेल्या, फार नाही. पाचवी आमची. पुजाऱ्यानं दोन्ही हातांनी उलगडून धरली आणि जांभळं उन्हात आलं.
थोरल्या भाऊजींनी ओळखलं. बायकोनं लुगडं दिलं हे त्यांना तिथंच कळलं असणार. मग सवाल घातला, आवाज फाटलेला. आणि आमच्या ह्यांनी, दादा बोलतोय म्हणजे आपण बोललंच पाहिजे, चढवला. ते बोलले, हे बोलले. लोकांना गंमत. आजूबाजूचे मागं सरकले, भावाभावांची जुंपली म्हणून. आकडा लिहीत नाही, वाकळेचा नव्हताच तो, बांधाचा होता. पत्र्यासाठी चाललंय तर चालू दे, असं एकदा माझ्याही मनात आलं. देवाशपथ आलं. मग आक्कांकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.
सवालात बायका बोलत नाहीत. मी उभी राहिले. ह्यांचं नाव घेता येत नाही, म्हणून नुसतं म्हणाले, "आवं, शालनचं लुगडं हाय त्ये."
ह्यांचा चेहरा उतरला, तसा मी तो कधी बघितला नव्हता, लढाईवरून आले तेव्हाही नाही. शेवटचा बोल ह्यांचाच होता. भाऊजी पुढं बोलेनात. मग हे पुजाऱ्याला म्हणाले, "सवाल माझा. वाकळ थोरल्या घरात द्या."
दादाला नाही बोलले. पुजाऱ्याला बोलले. भाऊजींनीही मान वर केली नाही. वाकळ आक्कांनी घेतली.

२० एप्रिल
भिंती कमरेपर्यंत आल्या. हे रोज सकाळी दगड वाहतात, भाऊजी दुपारनंतर. वेळा न बोलता वाटून घेतल्यात. ही वाटणी बरी जमली.

१९ मे, रविवार
सुशीला आणलं. पोट पुढं, चालणं बदकासारखं. येताना बेदाणा आणला. खोली बघायला गेली, वर पत्रे चढलेले बघून म्हणाली, आई, लय गरम हुईल की गं. म्हणाले, तू आधी आत तर ये.

११ जून
नर्सबाई रुजू झाल्या. विशीतली पोरगी, मिरजेकडची, पण हात धीराचे. सुशीला तपासून म्हणाल्या, बाळ जरा आडवं वाटतंय, फिरेल अजून, पण गाडीची तयारी असू द्या.
खोलीला चौकट आहे, दार नाही. सुतार मेव्हणीच्या लग्नाला गेला तो तिकडचाच झाला. आणि आमचा एक बैल लंगडतो. हे शेजारच्या गावात बैल बघून आले, मिळाला नाही. थोरल्या घरी दोन आहेत. मी काही बोलले नाही. ह्यांनीही नाही. पण ह्या वेळी मी वाट बघत बसणार नाही. उद्या मी स्वतः जाऊन मागणार.

१२ जून
गेले. भाऊजी गोठ्यात होते. उभ्या उभ्या सांगितलं, बैल लागंल. त्यांनी ऐकलं, वैरण टाकत राहिले. हो नाही, ना नाही. आक्का आतून बघत होत्या.
मागायचं काम माझं होतं, ते झालं.

२१ जून, शुक्रवार. दुपारचे अडीच
पहाटेपासून कळा. खोलीच्या बाहेर दगडावर बसून लिहिते, हाताला काहीतरी पाहिजे म्हणून. ओढ्याला गुडघाभर पाणी, वर पाऊस आहे, वाढेल म्हणतात.
चौकटीला दार नाही, रस्त्यावरून सगळं दिसतं म्हणून नर्सबाई चिडल्या होत्या. आक्का घरी जाऊन वाकळ घेऊन आल्या. चौकटीत दोन खिळे मारून टांगली, जांभळी बाजू बाहेर. मग मला म्हणाल्या, "तू आई हाईस, तुज्यानं बघवायचं न्हाई. मी जाते." आणि वाकळेची कड सारून आत गेल्या.
ह्यांनी गाडी आणून उभी केलीय. जुवाला एकच बैल. आत्ता भाऊजी आले, हातात त्यांच्या पांढऱ्या बैलाचं दावं. बैल जुवाच्या दुसऱ्या बाजूला उभा केला, त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. ह्या बाजूला हे. दोघंही वाकळेकडं बघतायत.
आतून सुशीचा आवाज. मग आक्कांचा, "सोस गं बाय, सोस."
नर्सबाईंनी वाकळेचा कोपरा बाजूला करून गरम पाणी मागितलं. बैल जुंपा म्हणाल्या नाहीत. गाडी सोडा असंही म्हणाल्या नाहीत. पाणी द्यायला उठते.