पटाशीला पाणी द्यायचं राहिलंय

प्रिय ताई,

सकाळपासून एका जागी बसवत नाही. शेडच्या खिडकीला गोणपाट लावलं, काढलं, परत लावलं. संगीता पिंपळगावहून बसने निघाली आहे. ती येईपर्यंत हातांना काहीतरी काम हवं, म्हणून तुला लिहिते आहे. ती आली की आम्ही तुझी पटाशी भट्टीत घालणार आहोत.

हो, तीच. तुझ्या हातची शेवटची, बारीक, गोल तोंडाची. ट्रकच्या कमानीच्या पोलादी पाट्यातून कापून कानशीने आकाराला आणलेली. तू गेल्यावर मी ती कापडात गुंडाळून माझ्या साड्यांखाली ठेवली. तुझे ओरखडे अजून तिच्यावर आहेत. काही तिरपे गेलेत, तिथे तुझं मनगट दुखलं असणार. भट्टीत ते सगळं काळं पडेल. आणि तडकली तर? मागे एक तडकली होती, तेव्हा तू नुसतं ‘गेली’ म्हणालीस आणि मला चहा ठेवायला सांगितलास. मला तसं जमेल का?

तुला विकतच्या पटाश्या का गं चालल्या नाहीत? ‘त्या पहिलवानांसाठी असतात, माझ्या मुठीत मावत नाहीत,’ म्हणायचीस. शाळेतून निवृत्त झाल्यावर लाकूडकामाचा लेथ घेतलास, तिथवर ठीक. मग हत्यारंही स्वतः करायला निघालीस, तीही आधी घराच्या बांधकामातल्या सळईची! चांगली घासून धार काढलीस आणि बाभळीच्या लाकडाला लावताच ती मुडपली. ती सळई कितीही तापवली तरी नरमच राहायची. त्या दिवशी मी हसू दाबत तुला वाढत होते.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. तू संगीताला शिकवलंस, मला नाही. मेंढरं विकून मजुरीला लागलेल्या घरातली ती सून तुझ्याकडे रव्या आणि लाटणी करायला शिकली, आज तिच्या घरी स्वतःचा लहान लेथ आहे. तुमचं दोघींचं खिदळणं मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मला हाक यायची ती फक्त पाणी द्यायच्या वेळी. ‘मिने, रंग सांग.’

अंधारात रंग नीट कळतो म्हणून खिडकी झाकायची, पटाशी लालभडक तापवून तेलात बुडवायची, तरी त्याला पाणी देणंच म्हणायचं. मग ती घासून चकचकीत करायची आणि हळूहळू परत तापवायची, की तिच्यावर रंग धावायला लागतो. आधी गव्हाच्या काडीचा, मग तपकिरी, जांभळा, निळा. काडीच्या रंगावर थांबायचं. मोतीबिंदूमुळे तुला ते दिसत नव्हतं आणि ऑपरेशन तू पुढे ढकलत होतीस. मी ‘बस’ म्हटलं की तू पटाशी बाजूला घ्यायचीस. दूध उतू जातंय का बघ म्हणतात, तसलंच काम ते, असं मला वाटायचं.

मागच्या आठवड्यात संगीता आली.

“मावशी, ती पटाशी द्या ना. माह्यावाली झिजून पार बोटभर राह्यली.”

“ती अर्धवट आहे गं.”

“माहीत हाये. पाणी द्यायचं राह्यलं. मोठ्या मावशी म्हणल्या व्हत्या, मिनू पुण्याहून येऊ दे, मंग देऊ.”

“माझी कशाला वाट बघायची? तू होतीस की.”

“म्या म्हणलं तसं. तर मला म्हणल्या, तुला सगळं पिवळंच दिसतंय, तू गप लेथ चालव. मिनू न्हाई तर भट्टी पेटवायची न्हाई.”

मी पुण्याला लेकीकडे मुक्काम वाढवत होते, ताई. फोनवर तू ‘कधी येतेस’ एवढंच विचारायचीस. मी म्हणायचे, येईन गं, काय घाई आहे. सांगायचं नाही का, की पटाशी थांबली आहे?

आता माझेही डोळे पूर्वीचे नाहीत. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये भरतकामाच्या तासाला सिस्टर रेशमाच्या लड्या मिसळून द्यायच्या आणि रंगांप्रमाणे लावायला सांगायच्या. तुझ्या लड्या मीच लावून द्यायचे. आज सकाळी तसेच धागे काढून उजेडात धरून बघितले. पिवळा आणि बदामी वेगळे दिसले, पण धागा स्थिर असतो, रंग पळतो. लवकर ‘बस’ म्हटलं तर पोलाद ठिसूळ राहील आणि लेथवर टवका उडेल, तो संगीताच्या तोंडावर. उशीर केला तर धार टिकणार नाही. तुझ्या शेजारी उभी राहून मी हे कधी मनातही आणलं नव्हतं. तू होतीस ना.

भट्टीला वारा घालायला तुझा तो हेअर ड्रायरच घेतला आहे. माझ्या लेकीने तुला केसांसाठी दिला होता; तू तो भट्टीला लावलास हे तिला अजून सांगितलेलं नाही.

ताई, शब्द देते. घाईने ‘बस’ म्हणणार नाही, आणि तुझ्या आठवणीत गुंतून उशीरही करणार नाही. तडकली तर तुकडे साड्यांखाली ठेवणार नाही. त्याच पाट्याचा उरलेला भाग शेडमध्ये आहे, तो कापायचा, आणि या वेळी कानस मी धरीन. नीट उतरली, तर संध्याकाळच्या बसने ती संगीताच्या पिशवीतून जाईल. मी ती परत मागणार नाही. नुसती बघायलासुद्धा.

तुझी,
मिनू