पडद्यामागचा दुसरा प्रीअँप

५ नोव्हेंबर, बुधवार

कानांचा निकाल लागला. डावा वरच्या पट्टीत जवळजवळ गेलेला, उजवा अर्धा. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, कारखान्यात होतात का?" प्रेस शॉपला एकतीस वर्षं, म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. बोलणं, डग्गा, खालचे सूर येत राहतील. झांज, सतारीची तार, यंत्रांची ती बारीक सूं, हे गेलं. परत येत नाही. कानाला मशीन लावा म्हणाल्या. बघू म्हटलं.

घरी बायकोने, नंदाने, दारातच विचारलं, काय निघालं? "मळ होता. काढला." इतक्या सहज खोटं बोललो की माझं मलाच नवल वाटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हरेशभाई आले. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान. ओळख जुनी, ती या गाण्याच्या सामानातूनच. खरवईत नवा फ्लॅट घेतलाय, त्यात एक खोली फक्त ऐकायला. कुणा परदेशी निघालेल्या माणसाकडून दोन पॉवर अँप उचललेत. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र एक, आणि एकेक उचलायला दोन माणसं. ऐकून बघायला आधी माझ्याकडेच आणले. टेम्पोवाल्यांनी तिसऱ्या मजल्यापर्यंत माझा आणि लिफ्ट न बसवणाऱ्या बिल्डरचा यथेच्छ उद्धार केला.

आता त्यांच्या पुढे लावायला प्रीअँप, म्हणजे सिग्नल वाढवून त्यांना देणारा व्हॉल्यूमचा डबा, निवडायचाय. "प्रधानसाब, आप बोलोगे वो फायनल. मी कपडेवाला, मला काय कळतंय."

उमेदवार दोन. एक परदेशी, जुना, नावाजलेला, हरेशभाईंनीच आणलेला. दुसरा आपल्या म्हात्रेने हाताने बांधलेला, जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हचा. म्हात्रे जांभूळला पाण्याच्या प्रकल्पावर पंप ऑपरेटर. ड्यूटी संपली की सोल्डरिंग. दोन वर्षं या एकाच डब्यावर बसलाय.

१६ तारखेला, रविवारी, माझ्याकडे ऐकायचं ठरलं. हो म्हणालो. या मंडळींत माझा कान म्हणजे हायकोर्ट. हायकोर्टाने रजा कशी मागायची?

९ नोव्हेंबर, रविवार

नियमही माझाच. आधी ऐकायचं, आकडे मागाहून. पेट्या पडद्यामागे. नंदा तारा बदलते, आम्हाला कळतं ते फक्त 'पहिला' आणि 'दुसरा'. पडद्याचं कापडही हरेशभाईंच्या दुकानातलं.

पूर्वी बदलापूरचे एक बँकवाले यायचे. कॅटलॉग पाठ करून मत द्यायचे. एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, "साहेब, ऐकायला आलात की वाचायला?" लोक हसले. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. तेव्हा फार मजा वाटली होती. आज त्यांचा नंबर असता तर फोन करून माफी मागितली असती. खरं तर माफी नाही, कॅटलॉगच मागितला असता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

खरं म्हणजे हे कोडं कागदावर सुटतं. हे पॉवर अँप फार हलक्या कानाचे, जरा सिग्नल मिळाला की गर्जतात. त्यांच्यापुढे फार वाढवून देणारा प्रीअँप लावला तर व्हॉल्यूम केसभर फिरवला की बस, आणि प्रीअँपची स्वतःची सूं अख्खी स्पीकरमधून बाहेर. पंपाचा दाब अफाट आणि नळ सताड उघडा, असं म्हात्रे म्हणेल. कोणता प्रीअँप किती पट वाढवतो एवढं कळलं तर मी डोळे मिटून सांगेन. कान मिटूनसुद्धा.

हरेशभाईंना सहज विचारल्यासारखं मॉडेल विचारलं. "ना ना साईं, रूल आपका है." म्हात्रेला फोन केला. "साहेब, माझी परीक्षा घेता काय? मी नाय फुटनार." आणि खूश होऊन हसला. दोघेही मला माझ्याच नियमाने बांधून हसतायत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नंदा बाजारात गेली होती. आली ती चिडूनच. बेल तीनदा वाजवली म्हणे गॅसवाल्याने, आणि सिलिंडर घेऊन परत गेला. मी हॉलमध्येच पेपर वाचत होतो. आमची बेल चिमण्यांच्या आवाजाची आहे.

"मळ परत साठला वाटतं." मग तिने टेबलावर रिपोर्ट ठेवला. धुवायच्या पँटमध्ये सापडलेला. केव्हापासून तिच्याकडे होता, विचारलं नाही.

"अहो, सांगून टाका त्यांना."

रविवार होऊ दे, म्हटलं.

"रविवारनंतर सांगून काय उपयोग?"

मी ओरडलो. ती भाजी निवडायला बसली. मला लाज वाटतेय, आणि भीतीही. हे लोक गेले तर माझ्याकडे रविवारी कोण येणार आहे?

१६ नोव्हेंबर, रविवार

झालं. एकदाचं झालं असं म्हणवत नाही.

दहाला दोघे आले. म्हात्रे इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला आल्यासारखा. मी खिडकीकडची खुर्ची घेतली, म्हणजे उजवा कान स्पीकरकडे. पहिला लागला. चांगला, भरदार. खालचं सगळं येत होतं. दुसरा लागला. तोही तसाच. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. मला दोन्ही एकच. मधल्या शांततेत सूं आहे का, यासाठी जीव कानात आणला. माझ्यासाठी सगळीकडे शांतता.

मग तोंडं बघायला लागलो. पहिला लागला की म्हात्रे मान खाली घालून मुठी आवळून बसायचा. दुसरा लागला की मोकळा. मी हिशेब केला: माणूस स्वतःचं वाजत असताना आवळून बसतो. म्हणजे पहिला म्हात्रेचा.

आणि मला तो म्हात्रेलाच द्यायचा होता. त्याचा आधीचा डबा आला होता तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "अरे, आत स्टोव्ह पेटलाय का?" त्यानंतरच त्याने हा नवा बांधायला घेतला. मनात आलं, फेड करू.

"पहिला," म्हणालो. "मागे एकदम शांत." दोघे एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा वजन यावं म्हणून आणखी एक ठेवून दिलं. "दुसऱ्यात वरच्या पट्टीत काहीतरी कोरडं आहे. नीट ऐका, कळेल."

हरेशभाईंनी डोळे मिटले, ऐकलं, मान हलवली. "हां. है थोडा." म्हात्रेही म्हणाला, "हाय. कोरडा हाय."

नंदाने पडदा सरकवला. पहिला परदेशी निघाला.

म्हात्रेने आपला डबा टॉवेलात गुंडाळला, चहा घेतला, नमस्कार करून गेला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून "छान काम आहे" म्हणालो. आणखी काय करणार होतो?

१७ नोव्हेंबर, सोमवार

नंदाने सकाळी पोळ्या लाटता लाटता सांगितलं. पहिल्याची सूं तिला पडद्यामागे उभी असतानाही ऐकू येत होती. दुसरा गप्प होता. "मला यातलं कळत नाही, पण गप्प म्हणजे गप्प."

मग तेव्हाच का बोलली नाहीस?

"तुम्ही एवढ्या खात्रीने बोललात. मला वाटलं, असेल काहीतरी तुमचं."

माझ्याच घरात, माझा रिपोर्ट वाचलेली बाईसुद्धा माझ्या कानावर विसंबली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हरेशभाईंचा फोन. खरवईत सगळं लागलं. व्हॉल्यूम जरा फिरवला तरी भिंती हलतात म्हणे. थोडी सूं येते. "पर आपने शांत बोला, तो शांत." मी म्हटलं, हरेशभाई, एक सांगायचं होतं. ते म्हणाले रविवारी या, जेवायलाच या. मी बरं म्हटलं. फोनवर सांगण्यासारखं नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

म्हात्रेला तीन फोन. उचलत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

खरवईला जाऊन आलो. नंदाही होती. खोली छान केलीय, तिन्ही भिंतींना पडदे. शेजारचे दोघे मुद्दाम बोलावलेले. हरेशभाई त्यांना सांगत होते, "ये सब प्रधानसाब ने सिलेक्ट किया है. इनका कान सोने का है." शेजारी माझ्या कानांकडे बघायला लागले.

कांचनभाभी पुलाव वाढताना मला म्हणाल्या, "भाईसाब, वो मशीन चालू करते ही गॅस छूटने जैसा आवाज आता है. मी दोनदा किचनमध्ये जाऊन बघून आले." हरेशभाईंनी त्यांना गप्प केलं. "साब ने सुना है ना. तुम्हारा कान अभी नया है, आदत होगी."

आता सांग, आता सांग, असं नंदा टेबलाखालून पायाने सांगत होती. शेजारी बसलेले, भाभी बघतायत, पानात सिंधी साईभाजी. मी म्हणालो, व्हॉल्व्हचा लावून बघा एकदा, म्हात्रेचा.

"वो तो उसने खोल डाला," हरेशभाई म्हणाले. "आप कोरडा बोले ना. फॉल्ट ढूँढ रहा है."

पुलाव पानात तसाच टाकला. रिक्षात नंदा माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत बसली. तिने बोलायला हवं होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बदलापूरपर्यंत लोकलने, तिथून रिक्षाने जांभूळला गेलो. एकटा.

म्हात्रेची रात्रपाळी होती, सकाळचा घरी. पडवीत त्याचं टेबल. डबा उघडा, निम्मं सामान स्टीलच्या ताटात काढलेलं. आठवडाभर रोज बसलाय. कपॅसिटर बदलले, ट्रान्सफॉर्मर लांब नेला, तारा नव्याने ओढल्या. "तुमी कोरडा बोललात तवापासून शोधतो. मना काय गावत नाय."

उभ्याउभ्याच सांगितलं. मला वरचं ऐकू येत नाही. कोरडं वगैरे मी मनाने रचलं. पहिला तुझा समजून पहिला म्हणालो.

तो हसला. "साहेब, माझ्या मनासाठी बोलता ना?"

नाही म्हटलं. पहिला लागला की तू मुठी आवळून खाली बघत होतास, म्हणून मला वाटलं तो तुझा.

"हसू येत व्हता साहेब. येवढी सूं! मना वाटला, आता तुमी हरेशभाईला फाडनार. म्हनून खाली बघत व्हतो."

तरी त्याला पटेना. माझं भलेपण आहे, अशीच त्याची समजूत. शेवटी त्याने टेबलावरचा छोटा स्पीकर त्या आधीच्या, स्टोव्हवाल्या डब्याला जोडला, मला भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं. "सूं आली का हात वर करा. गेली का खाली."

बसलो. अंदाजाने तीनदा वर केला, तीनदा खाली. मग मागून काहीच येईना म्हणून वळलो. तो माझ्याकडे बघत होता.

"साहेब, चालूच व्हती. सगला वेल. मी बंद केलीच नाय."

त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला. दोघेही प्यालो.  मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मंग माझा चांगला व्हता?"

नंदा म्हणाली चांगला होता. अगदी गप्प होता म्हणाली.

"वयनी बोलल्या ता ठीक हाय. तुमाला कसा वाटला?"

नुकतंच त्याने मला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं, तरी तो हेच विचारत होता. दोन वर्षं त्याने तो डबा माझ्यासाठी बांधला होता. एक शब्द बोलून त्याला आनंद देता आला असता, आणि तोही खोटाच झाला असता. खूप वाईट वाटलं. म्हणालो, मला माहीत नाही रे.

"बरा." त्याने ताट पुढे ओढलं. "मंग आता कसा जोडू? पयल्यासारखा, का आता केला तसा?"

पहिल्यासारखा, म्हणालो.

त्याने जोडणीची वही काढली, पानं उलटली. शेवटच्या सहा महिन्यांतले बदल वहीत नाहीत. ते सगळं ऐकून ऐकून केलेलं, लिहिलेलं काही नाही. रविवारी नंदाला घेऊन येतो, ती बसेल ऐकायला, म्हणालो. त्याने हो म्हटलं की नाही, कळलं नाही. तो ताटातले कपॅसिटर बोटाने बाजूला करत होता, यातला आधीचा कोणता ते बघत.