हायड्रिला नव्हती

रेडमंड

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. फोनवर तुला माझा आवाज बसलेला वाटला, तेव्हा मी सर्दी झाल्याचं सांगितलं. सर्दी नव्हती, काळजी होती. आता ती मिटली, म्हणून लिहितेय.

आमच्या घरामागच्या तळ्यात, काठच्या उथळ पाण्यात एक बारीक पाणवनस्पती सापडली. फोटो बघून आमच्या तळ्यांची देखरेख करणाऱ्या ऑफिसात सगळे म्हणाले, हायड्रिला. तू वर्गात नरसाळ्याखाली ठेवून बुडबुडे दाखवायचीस, तीच. इथे मात्र ती बाहेरून आलेली, अख्खं तळं व्यापणारी. तळं पोहायला बंद झालं, ती मारायला पाण्यात औषध सोडायचं ठरलं. त्याआधी खात्री करायचं काम माझ्याकडे आलं. नोकरी अजून कायम नाही, त्यामुळे चुकायची भीती वाटत होती.

शेंड्याकडे पानांची इतकी गर्दी की काही कळेना. मग खालची पेरं भिंगाखाली धरली. प्रत्येक पेरावर तीनच पानं, आणि पानामागची शीर गुळगुळीत. हायड्रिलाची खरखरीत लागते, पानंही जास्त असतात. ही इथलीच, निरुपद्रवी एलोडिया.

माझी बॉस डेब्रा म्हणाली, "नक्की?"

"तुम्हीच बोट फिरवून बघा," मी म्हटलं.

तिने सावकाश बोट फिरवलं आणि तिथूनच फोन करून औषध कॅन्सल केलं.

बाबांचा गुडघा कसा आहे? तू मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस.

आज तळं उघडलं. नैना पाण्यातून ओरडली, "आई, कम इन!" मी कपड्यांनिशी उतरले.

तुझीच,
मृण्मयी