मागच्याला खड्डा सांगायचा असतो

चि. धाकटीस,

ताईचे भरभरून आशीर्वाद. तू खुशाल असशील, तुझ्या नवऱ्याचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि तुझ्या ग्रंथालयातल्या वाळवीचा बंदोबस्त झाला असेल असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. डाव्या कोपराला थोडं खरचटलंय, त्याची हकीगत पुढे येईलच. तोवर माझ्या चिरंजीवांनी तुला फोनवर जे सांगितलं असेल त्यावर विश्वास ठेवू नकोस. त्याचं म्हणणं, आई म्हातारपणी सायकलच्या शर्यतीत उतरली आणि आपटली. या एका वाक्यात तीन चुका आहेत. मी म्हातारी नाही. आपटले तेव्हा सायकल जागच्या जागी उभी होती. आणि खऱ्या शर्यतीत मी अजून उतरायचीच आहे. उतरणार की नाही तेच तर ठरायचंय. महिनाअखेरीच्या शर्यतीच्या यादीत माझं नाव लागतं, की मला पाण्याच्या टेबलाशी पेले भरत उभं करतात, याचा निकाल येत्या वीस तारखेला लागेल. बाकी या पत्रात तुझ्याकडे कसलंही मागणं नाही. (हे आधीच सांगून टाकते, कारण माझं पत्र आलं की तू आधी शेवटचं पान उघडतेस.)

सुरुवात झाली ती खड्ड्यापासून. माझ्या फाटकासमोरचा खड्डा तुला ठाऊक आहे, मागच्या खेपेला तुझी चप्पल त्यातच तुटली. तर दर रविवारी सकाळी सहाला तीस सायकलवाले भडक रंगांचे कपडे घालून तिथून जातात, आणि प्रत्येक जण "खड्डा!" म्हणून ओरडतो. पहिल्याला दिसला, त्यानं सांगितलं, इथवर माझी तक्रार नाही. पण तीसच्या तीस जणांनी? तोच शब्द, तीस वेगवेगळ्या सुरांत? एकतीस वर्षं मी परीक्षेच्या खोल्यांवर देखरेख केली. माझ्या खोलीत शिंकायला सुद्धा मुलं परवानगी मागत. अशा बाईच्या फाटकासमोर हा तमाशा! मी सायकल क्लबाला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. उत्तर नाही. (लोकांना पत्राचं उत्तर देता येत नाही, मात्र हेल्मेटला आरसा लावता येतो.) शेवटी स्वतःच गेले.

क्लब म्हणजे बुटांच्या दुकानावरची एक लांबट खोली. छताला आकडे, आणि आकड्यांना पुढच्या चाकानं टांगलेल्या सायकली, वाळत घातल्यासारख्या. रबर, तेल आणि अंगदुखीचं मलम यांचा एकत्र वास. एका पत्र्याच्या घमेल्यात रॉकेलमध्ये साखळी भिजत पडलेली, आणि तिच्यावर वाकलेला एक सुकडा गृहस्थ, कपाळावर भिंग चढवलेला. हा आठवडाभर घड्याळं दुरुस्त करतो आणि रविवारी माणसं. सगळे त्याला घड्याळजी म्हणतात, मीही तेच म्हणते. मी त्याला उभ्या उभ्या विचारलं, की तीस जणांनी ओरडण्याचं कारण काय?

"पहिल्याचं ओरडणं दुसऱ्याला ऐकू जातं, बाई. विसाव्याला कोण सांगणार?"

"का? त्याला डोळे नाहीत?"

"आहेत की. पण डोळ्यांपुढे एकोणिसाव्याची पाठ असते."

"मग अंतर ठेवून चालवायला काय धाड भरते?"

"अंतर ठेवलं की वारा लागतो," तो म्हणाला आणि पुन्हा साखळीकडे वळला. जणू काही प्रश्न मिटला!

धाकटे, मी भांडायला गेले होते, पण ते एक वाक्य डोक्यात घेऊन परत आले. वारा लागतो म्हणजे काय? वारा सगळ्यांनाच लागतो. एका माणसाच्या पाठीनं असा किती वारा अडणार, की त्यासाठी दुसऱ्यानं डोळ्यांवर पाणी सोडावं? तीन दिवस मी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना हाच विचार करत होते. चौथ्या दिवशी पुन्हा जिना चढले. घड्याळजीनं माझ्याकडे नुसतं बघितलं, आकड्यावरून एक सायकल उतरवली, सीट खाली केली आणि म्हणाला, "बसून बघा."

आता सामानाविषयी दोन शब्द. सीट म्हणजे सुरीची पाठ. त्यावर उपाय म्हणून चड्डीला आतून उशी शिवलेली असते. ती घालून चाललं की माणूस बदकासारखा दिसतो, आणि अशी तीस बदकं एका खोलीत गंभीर चेहऱ्यानं हवेच्या दाबाविषयी बोलत असतात. (मीही आता बोलते.) पण खरा कहर म्हणजे बूट. बुटाच्या तळाला एक लहान पट्टी असते, ती पेडलमध्ये खट्कन अडकते. पाय सोडवायचा तर टाच बाहेर वळवायची. हे मला व्यवस्थित समजावलं होतं, मी वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण पहिल्याच दिवशी घरी परतले, फाटकाशी थांबले, आणि समोर पोस्टमन माझं टपाल घेऊन उभा. त्याला "या" म्हणण्याच्या नादात टाच वळवायची राहिली. सायकल थांबली, मी थांबले, आणि आम्ही दोघी झाड कोसळावं तशा शिस्तीत डावीकडे कलंडलो. पोस्टमन म्हणाला, "बाई, सही नंतर केली तरी चालेल." हीच ती कोपराची हकीगत. चिरंजीवांची शर्यत ती एवढीच.

नवशिक्यांना लगेच शर्यतीत घेत नाहीत. आधी तीन रविवार घोळक्याबरोबर जाऊन घोळक्याबरोबरच परत यावं लागतं. मी ते केलं. पण मधे बसून नाही, कडेनं, एकटीनं, सगळा वारा छातीवर घेऊन. कारण तोवर प्रकार माझ्या ध्यानात आला होता. हे लोक एकमेकांच्या पाठीमागे लपून मेहनत वाचवतात! पुढचा राबतो, मागचा त्याच्या जिवावर आरामात येतो. याला आपल्या भाषेत काय म्हणतात ते तुला सांगायला नको. एकतीस वर्षं मी बाकाबाकांमधून जे शोधत फिरले, ते इथं उघड्यावर, दिवसाढवळ्या, शिकवून चाललेलं! दंतवैद्यबाई म्हणून एक आहेत, पंचेचाळिशीच्या, पिंडऱ्या पोलादाच्या. त्या सारख्या म्हणायच्या, "मावशी, या ना माझ्या मागे, आराम पडेल." मी म्हटलं, मला दुसऱ्याचं बघून लिहायची सवय नाही. त्यांना अर्थ कळला नाही, त्यांनी मला पाणी दिलं.

मग आली नवशिक्यांची चाचणी. दहा किलोमीटर, सरळ सपाट रस्ता, आम्ही चौघं. त्यात एक वकील, गोरागोमटा, पोट थोडं सुटलेलं, बोलणं लोण्यासारखं. शिट्टी झाली तशी मी पुढे गेले आणि पुढेच राहिले. नऊ किलोमीटर हा माणूस माझ्या मागच्या चाकाला चिकटलेला! मी हळू केलं की हळू, जोरात की जोरात. श्वासाचा आवाज सुद्धा नाही. मधून एकदा म्हणाला, "काकू, सुंदर चालवता हो!" मी मागे न बघता सांगितलं, की स्वतःच्या पेपरात लक्ष द्या. शेवटचं शंभर पावलांचं अंतर राहिलं असेल, आणि हा गृहस्थ माझ्या उजवीकडून असा निघून गेला, जशी काही त्याची झोप नुकतीच पूर्ण झाली होती. पहिला आला. आणि वर येऊन माझे आभार मानले!

मी तिथल्या तिथे लेखी तक्रार दिली. चार मुद्दे, दोन पानं, खाली सही. घड्याळजीनं भिंग डोळ्यावर ओढून ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचली. मग भिंग वर सरकवलं.

"नियम कुठला मोडला, बाई?"

"तो सगळा वेळ माझ्या मागे होता!"

"होता. पण तुम्हाला पुढे राहायला कुणी सांगितलं होतं?"

मुद्दा त्याचा बरोबर होता. धाकटे, हे वाक्य तू पुन्हा वाच आणि मग फाडून टाक.

पण मी काही ऐकून घेणारी नाही. म्हटलं, पुराव्यानिशी सिद्ध करते की हे मागे बसणं म्हणजे नुसता मनाचा खेळ. कालव्याच्या काठचा रस्ता निवडला, दंतवैद्यबाईंना बरोबर घेतलं, वहीला पेन्सिल बांधली. एकच वेग, एकच अंतर, आधी मी पुढे, मग मी मागे. प्रत्येक फेरीनंतर थांबून मनगटावर नाडी मोजायची. पुढे असताना एकशे बेचाळीस. मागे असताना एकशे अठरा. म्हटलं, मोजण्यात चूक झाली. पुन्हा केलं, तेच. वाऱ्याची दिशा बदलली असेल म्हणून उलट्या बाजूनं केलं, तेच. सहा फेऱ्या झाल्या, दंतवैद्यबाईंचा दवाखाना उघडायची वेळ झाली, आणि माझ्या वहीत माझ्याच विरुद्ध पुरावा जमा झाला.

आकडे राहू देत. तिथं मागे बसल्यावर काय होतं ते सांगते, कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आवाज बंद होतो. कानांत जो सतत घोंघाट असतो तो एकदम थांबतो, कुणी हलकेच दार लावावं तसा. पाय चालतच असतात, पण सोपे होतात. आणि दिसत काहीच नाही. एक पाठ, तिच्यावर घामाचा एक डाग, बस. रस्ता कसा आहे, पुढे काय आहे, सगळं त्या पाठीच्या भरवशावर. तेवढ्यात दंतवैद्यबाईंनी हात खाली करून बोट दाखवलं आणि ओरडल्या, "खड्डा!" मी बाजूला झाले, आणि खरंच, अर्ध्या फुटावरून खड्डा गेला. तेव्हा मला कळलं की रविवारी सकाळी माझ्या फाटकासमोर काय चाललेलं असतं. मागच्यानं पुढच्याचा वारा घ्यायचा यात लबाडी नाही. पुढच्याचं त्यात काही जात नाही. (घड्याळजी तर म्हणतो, मागे कुणी असलं की पुढच्याला सुद्धा किंचित सोपं जातं. याचा पुरावा मी अजून मागते आहे.) पण पुढच्यावर एक जबाबदारी असते. आपल्या पाठीमुळे ज्याला दिसत नाही, त्याला खड्डा सांगायचा.

यानंतर मी वकिलाविरुद्धची माझी तक्रार मागे घेतली. मात्र पुढच्या सरावात पूर्ण आठ किलोमीटर मी त्याच्या मागे बसले आणि शेवटी त्याच्या उजवीकडून निघून गेले. आभारही मानले. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तर आता अडलंय कुठे? क्लबाचा नियम असा, की साठीच्या पुढच्या नवशिक्यांना मोकळ्या रस्त्यावर एकट्यानं सोडत नाहीत. जोडी लागते. वीस किलोमीटर, दोघींनी आळीपाळीनं पुढे राहायचं, आणि वेळ दुसरीचं चाक रेषेवरून गेलं की धरायची, पहिलीचं नाही. दोघींच्या वयाची बेरीज एकशे वीसच्या वर हवी. दंतवैद्यबाईंना घेतलं तर बेरीज एकशे दहाच भरते. त्यांच्या तरुणपणाचा मला इतका राग कधी आला नव्हता. जोडीदार नाही म्हणून घड्याळजीनं माझं नाव पेन्सिलीनं पाण्याच्या टेबलाच्या यादीत लिहून ठेवलंय. पेन्सिलीनं, एवढीच त्याची माणुसकी.

असो. तब्येतीला जपा दोघंही. गुडघ्याला रोज शेक द्यायला सांग, आणि ग्रंथालयात सायकलवरून जातेस तर ब्रेक तपासून घेत जा.

तुझी,
ताई

ता. क. पाकिटात एक छापील कागद सापडेल. तो चुकून आलेला नाही. नुसता वाचायला पाठवलाय. फुली केली आहे तिथे जोडीदाराची सही असते, एवढं तुझ्या माहितीसाठी.

ता. क. दोन. आपल्या दोघींच्या वयाची बेरीज एकशे एकोणतीस होते. सहज करून बघितली.

ता. क. तीन. वकिलानं स्वतःच्या आईचं नाव सुचवलं होतं. त्या बाई सत्तरीच्या आहेत, सायकल झकास चालवतात, पण त्यांना थांबता येत नाही. दोनदा कुंपण लागलं म्हणून थांबल्या. तेव्हा तो मार्ग बंद.

ता. क. चार. आठवीतला भूमितीचा पेपर. टायफॉईडनं माझं एक वर्ष गेलं होतं म्हणून आपण एका वर्गात, आणि तू नेमकी माझ्या मागच्या बाकावर. एका प्रमेयासाठी तू माझ्या खांद्यावरून बघितलंस. मी उभी राहिले आणि आपल्या कॉन्व्हेंटच्या मोठ्या मदरना सांगितलं. तुझा पेपर काढून घेतला आणि तुला संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून तू शाळेत लांबच्या रस्त्यानं, एकटी जायला लागलीस. एक्कावन्न वर्षं मी ही गोष्ट माझ्या प्रामाणिकपणाची म्हणून सांगत आले. तुझ्या लग्नात सुद्धा सांगितली. त्या दिवशी मदर समोरून आपल्या रांगेकडे चालत येत होत्या. माझ्या पाठीमुळे तुला दिसल्या नाहीत. मला दिसत होत्या. खड्डा होता, आणि मी ओरडले नाही. उलट बोट दाखवलं ते तुझ्याकडे.

ता. क. पाच. सही शाईनं कर, वीस तारखेच्या आत. आणि सुटताना पुढे तू राहायचंस, पहिल्या वळणापर्यंत. मी तुझ्या खांद्यावरून बघत बघत येईन. कुणाला सांगायचं असेल तर खुशाल सांग.