पीठ दिसलं तर

आई,
ज्वारी दळून आणली. दळलीच न्हाय असं समज. डब्यात आहे ती ज्वारीच, जरा बारीक.

मुरूम गावच्या गिरणीपर्यंत पोतं न्यायचा कंटाळा आला, म्हणून वीरप्पाकाकांच्या गिरणीत गेलो. ओढ्यात घाण सोडणाऱ्या कारखान्याला त्यांनी जागा दिली, म्हणून तूच गावातल्या बायकांना घेऊन त्यांच्यावर बहिष्कार घातलायस, हे माहीत होतं. पण महिनाभर मुकी असलेली गिरणी सुरू झाली आन् अख्ख्या गावाला ऐकू गेली. काका म्हणाले, "आईला सांगू नको रं, लई लागंल तिला."

आता बायका गद्दार शोधतायत, अन् सगळ्यांच्या पुढं तू. मी रानात आहे. सभेत माझं नाव तूच घे. तेवढ्यापुरती मला 'तुझा मुलगा' या पदावरून रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.

नंदीश