मानपत्रातला दीड तास

२० ऑगस्ट २०२५, मेडशी

माझ्या दिनेशला शौर्यपदक! सत्कार समितीचे नथ्थूभाऊ पेढे खाऊन, फौजेतून आलेला इंग्रजी कागद माझ्या हातात ठेवून गेले. "वहिनी, तुमी कॉन्व्हेंटच्या. मानपत्रासाठी मराठी करून द्या. एकतीसला तालुक्याला, मालेगावात सत्कार, मीच वाचतो माइकवर!"

कौतुकानं बसले. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन दिनेश तोफांच्या माऱ्यात चार किलोमीटर चालला. साथीदार दीड तास जिवंत होता.

साथीदार म्हणजे मंगरूळपीरचा अमरसिंग. मे महिन्यात त्याच्या आईला, भुरीबाईंना, दिनेश तिकडून फोनवर म्हणाला होता, मीही त्याच कॉलवर होते — "जागच्या जागी गेला, मावशी. काही समजलं बी नाही त्याले."

आणि भुरीबाई सत्काराला पहिल्या रांगेत बसणार आहेत.

२१ ऑगस्ट

जेवताना दिनेशला त्या ओळीचं विचारलं. ताटाशेजारी त्याची पाण्याची निळी बाटली. कोलकात्याच्या क्लबची — तीन सीझन तिथे पगारी फुटबॉल खेळला. पोरगं चेंडू घेऊन कडेकडेनं सुटलं की मी टीव्हीसमोर डोळे मिटायची! फौजेत गेला तेव्हा सगळं इथे टाकलं, बाटली तेवढी नेली. सुटीवर आल्यापासून धुवू देत नाही.

"ते वाक्य गाळून टाक, आई."

"फौजेच्या कागदातलं?"

"मंग सत्कार कायले पाह्यजे मले?" घास तसाच टाकून उठला.

२४ ऑगस्ट

गाळलं. शाळेत सिस्टर म्हणायच्या, लपवलेलं खरं म्हणजे खोटंच. पन्नास वर्षांनी त्यांची पट्टी पुन्हा बोटांवर बसली.

३० ऑगस्ट

नथ्थूभाऊ छापलेलं मानपत्र दाखवायला आले. खुशीत! "वहिनी, एक ओळ सुटली होती तुमची. आमच्या निकितानं इंग्रजी कागद मोबाइलवर टाकून भरली. पोरगी हुशार हाय!"

ती ओळ. सोनेरी अक्षरात.

दिनेशला म्हटलं, चारचौघांत माइकवर ऐकण्यापेक्षा तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना. सकाळीच मंगरूळपीरला जाऊ. तो बाटलीकडे बघत उभा राहिला. पेनल्टी मारायच्या आधी चेंडूकडे असाच बघायचा.

रात्री बाटली पिशवीत भरलेली दिसली.

३१ ऑगस्ट

दिनेशनं सगळं सांगितलं. मान खाली. भुरीबाई ना रडल्या, ना रागावल्या. एवढंच —

"मंग पानी पाजलं का रे त्याले?"

"हो मावशी. ह्याच बाटलीतून. माया मांडीवर डोकं होतं त्याचं."

त्यांनी बाटली ओढूनच घेतली. छातीशी धरली. "अन् मी साडेतीन महिने घोटभर पानी सुखानं गिळून नाही राह्यली, बाबू! मायं लेकरू शेवटचा घोटबी तोंडात न पडता तहानलेलं गेलं म्हून!"

बाटली तिथेच राहिली.